‘ढ्रक’चं काय चुकलं?

मराठीतल्या एका नव्या विज्ञानकथेत इंधनाची नळी फुटल्यावर यानाची कप्तान ‘ढ्रक!’ असं ओरडते. एवढंच. पण त्यावरून तिकडे महाराष्ट्रात जो धुरळा उडाला आहे, तो इथपर्यंत डोळ्यांत जातोय.

भाषेचे रखवालदार म्हणतात, असले कर्कश आवाज ही मराठीची विटंबना आहे. त्यांचं मी मनावर घेत नाही, ते ‘हॅलो’वरही चिडतात. राग येतो दुसऱ्या बाजूचा. म्हणे, मराठीत इरसाल शिव्यांची खाण असताना बनावट शिवी वापरणं हा नेभळटपणा आहे. लेखिकेत दम असता तर तिने सरळ भ-ची बाराखडी छापली असती. मी दोन ओळींचा विरोध नोंदवला, तर उत्तर आलं: ‘परदेशात बसून मराठी शिव्यांबद्दल बोलू नका.’

ठीक आहे. बसूनच बोलतो.

आमच्याकडे (म्हणजे इंग्लंडमध्ये; हे ‘आमच्याकडे’ कधी इकडे सरकलं ते कळलंच नाही) १९७६ साली ‘ॲक्शन’ नावाचं मुलांचं कॉमिक साप्ताहिक त्यातल्या मारामारीमुळे इतकं बदनाम झालं, की प्रकाशकाला ते काही काळ मागे घ्यावं लागलं. त्याच प्रकाशकाने फेब्रुवारी १९७७मध्ये ‘२००० एडी’ काढलं आणि दुसऱ्याच अंकात जज ड्रेड अवतरला. पोलीस तोच, न्यायाधीश तोच आणि गोळी घालणाराही तोच. अशा शहरातली माणसं ‘अरेरे’ म्हणून कशी भागवतील? पण अंक तर शाळकरी पोरांच्या हातात पडणार. मग तिथे ‘ड्रॉक’ आलं, आणि देवाचं नाव घेऊन चरफडायचं तिथे ‘ग्रड’. तो ‘ग्रड’ मला फार आवडतो. त्या शहरात देवसुद्धा गंजला आहे, हे एका अक्षरसमूहात कळतं. खरी शिवी छापली असती तर पोलीस शिवराळ आहे एवढंच कळलं असतं.

हा नेभळटपणा?

अमेरिकेत १९५४च्या ‘कॉमिक्स कोड’ या नियमावलीने कॉमिकमधल्या शिवराळ भाषेवर बंदीच घातली. तिथल्या व्यंगचित्रांत त्याआधीपासून शिवीच्या जागी चक्रं, तारे, उद्गारचिन्हं यांचा गिचका काढत. व्यंगचित्रकार मॉर्ट वॉकरने त्याला ‘ग्रॉलिक्स’ असं नाव दिलं. आपल्या फुल्या त्याच जातीच्या, आणि मला विचाराल तर तोच खरा पळपुटा प्रकार. फुल्या टाकणारा स्वतः सोवळा राहतो आणि शिवी वाचकाच्या मनात वदवून घेतो. बनवलेली शिवी निदान स्वतःच्या तोंडाने बोलते. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकन विज्ञानकथेच्या १९७८च्या टीव्ही मालिकेत ‘फ्रॅक’ हा शब्द होता. नव्या मालिकेत त्यातलं एक अक्षर मुद्दाम गाळलं, कारण इंग्रजीत अस्सल शिवी चार अक्षरांची हवी! देवनागरीत हा विनोद जागीच मरतो. पण ते नट तो शब्द असा कचकून हासडतात, की त्याचा अर्थ विचारायची पाळी येत नाही.

आणि टिनटिनच्या कॉमिकमधला कप्तान हॅडॉक? १९४१ साली टिनटिनचा जनक हर्जे याला एका वर्तमानपत्राच्या बालपुरवणीत दारुडा, तोंडाळ दर्यावर्दी आणायचा होता. खलाशाची भाषा तर छापता येणार नाही. त्याला आठवलं, १९३३च्या सुमारास बाजारातल्या एका विक्रेत्याने ‘चार सत्तांचा करार’ हे शब्द शिवीसारखे फेकले होते. त्या वेळी युरोपात तो करार गाजत होता. म्हणजे शब्द कुठलाही चालतो, फेकणाऱ्याचा हात हवा. तेव्हापासून कप्तान समोरच्याला ‘ट्रॉग्लोडाइट’, ‘एक्टोप्लाझम’, ‘बाशी-बझूक’ म्हणत सुटला. सगळे शब्दकोशातले सभ्य शब्द, पण लाखोली अशी की कान तापावेत.

आता आपली ‘खाण’ बघू. तिकडच्या वीरांना ज्या अस्सल वाटतात, त्या बहुतेक शिव्या कुणाच्या तरी आईबहिणीवर जातात. कथेतली कप्तान बाई आहे आणि फुटली आहे नळी. नळीला आई नसते. मग तिने कुणाच्या आईला मध्ये आणायचं? दम दाखवायला? शिवाय हेच लोक दिवसातून दहा वेळा ‘आयला’ आणि ‘च्यायला’ म्हणतात, त्यातली आई आणि तिच्याबाबतचं क्रियापद केव्हाच गळून पडलं आहे. ती काय अस्सल शिवी राहिली? आणि ‘तुझ्या नानाची टांग’? कोण नाना, कसली टांग? ती तर सरळ हॅडॉकच्या घराण्यातली. २०१०मध्ये एका चित्रपटाच्या नावात ‘आईचा घो’ आला तेव्हा केवढा वाद झाला होता. घो म्हणजे नवरा. आईला नवरा असतो, यावर आपण भांडलो. (इथे ऑफिसातल्या फ्रिजवर ठळक अक्षरांत ‘स्मेग’ लिहिलं आहे. ती साधी इटालियन कंपनी. पण ‘रेड ड्वार्फ’ या विनोदी अंतराळ-मालिकेत ‘स्मेग’ ही बनवलेली शिवी आहे, त्यामुळे ती पाहून वाढलेल्या माझ्या सहकाऱ्यांना तो फ्रिज उघडताना अजून हसू फुटतं. कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.)

‘ढ्रक’ फसलं आहे, हे मलाही मान्य आहे. पण ते बनावट आहे म्हणून नाही. त्याला विभक्ती लागत नाही, म्हणून. मराठी शिवी एकटी उभी राहत नाही. तिला ‘च्या’ लागतो, ‘ला’ लागतो, ती वाक्यात नात्यागोत्यासकट येते. कप्तान पूर्ण कथेत एकदाही ‘ढ्रकच्या, थांब’ म्हणत नाही. शब्द नुसता चिकटवला आहे. याचं मूळ जुनं आहे. आपली विज्ञानकथा विज्ञानप्रसाराच्या मांडीवर वाढली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली, त्या काळापासून आपली पात्रं समजावून सांगतात. छान सांगतात, पण चिडत नाहीत. यावर चर्चा झाली असती तर मी गप्प वाचली असती.

राहता राहिलं ‘परदेशात बसून’. ते लागलं, कारण त्यात तथ्य आहे. लंडनच्या बर्कबेक विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ ज्याँ-मार्क देवाल यांनी अनेक भाषा बोलणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. शिवीचा चटका सहसा पहिल्या भाषेतच सगळ्यात जास्त बसतो, असं त्यांना आढळलं. मला त्यासाठी अभ्यास लागत नाही. इथली सगळ्यात जहाल शिवी मी मीटिंगमध्ये सहज देऊ शकतो, कारण मला ती भाजत नाही. आणि मी दिली की सहकारी दचकत नाहीत, कौतुकाने हसतात, पोपट बोलल्यासारखे. माझ्या तोंडी ती ‘ड्रॉक’इतकीच बनावट आहे. मराठी शिवी मी देतो ती मोटरवेवर, काचा वर करून, एकटा. त्याही मी देश सोडला त्या वर्षीच्या. तिकडच्या पोरांना आता त्या आजोबांच्या वाटत असतील.

माझ्या मुलीला यातलं काहीच भाजत नाही. तिला ‘आयला’मध्ये आई ऐकू येत नाही. ‘स्मेग’, ‘ड्रॉक’, ‘च्यायला’ हे सगळे तिच्या लेखी बाबाने बोलायचे गमतीदार आवाज. परवा गृहपाठ सेव्ह होता होता लॅपटॉप बंद पडला, तर ती जोरात म्हणाली, ‘स्मेगायला!’

विभक्तीसकट. कुणी शिकवलं नव्हतं. बायकोने डोळे वटारले, ते माझ्याकडे बघून.