संदर्भसूची प्रकाशक नीट करून देईल, हा समज चुकीचा आहे

अभियांत्रिकीत पीएचडी करणाऱ्यांच्या आणि नव्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला वरचेवर फिरत असतो. जर्नलला शोधलेख पाठवताना संदर्भांच्या मांडणीत वेळ घालवू नका, लेख स्वीकारला गेला की प्रकाशक ती आपल्या शैलीत करून घेतो, तोवर गूगल स्कॉलर या शोधलेखांच्या शोधसेवेवरून उतरवलेल्या नोंदी पुरतात, डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) दिला की बाकीचा तपशील नसला तरी चालतो आणि परीक्षक ही यादी वाचतच नाहीत, असा त्याचा आशय असतो. यातल्या काही विधानांत थोडे तथ्य आहे. म्हणूनच हा सल्ला लोकांना पटतो, आणि म्हणूनच तो मुद्देवार तपासायला हवा.

प्रकाशकाच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. एल्सव्हिअर या मोठ्या जर्नल-प्रकाशकाने २०११ मध्ये एक सवलत सुरू केली आणि पुढे ती आपल्या अनेक जर्नलांना लागू केली. पहिल्यांदा लेख पाठवताना संदर्भ कोणत्याही शैलीत चालतील, फक्त संपूर्ण यादीत एकच शैली असावी, अशी ती सवलत आहे. मात्र त्याच सूचनेत पुढे लेखकांची नावे, लेखाचे आणि जर्नलचे शीर्षक, वर्ष, खंड आणि पृष्ठे किंवा लेखक्रमांक असलेच पाहिजेत, असेही सांगितलेले असते. फिरणाऱ्या संदेशातून नेमका हाच भाग गळालेला असतो. सवलत आहे ती स्वल्पविराम कुठे द्यायचा आणि तिरपा टाइप कुठे वापरायचा, एवढ्यापुरती. प्रकाशकाकडचा कॉपी एडिटर खंडक्रमांक ठळक करू शकतो, पण तो क्रमांकच चुकीचा असल्याचे त्याला बहुतेक वेळा कळू शकत नाही, आणि शंका आलीच तर तो प्रूफावर प्रश्न लिहून पुन्हा लेखकालाच विचारतो.

शिवाय शैली केवळ यादीत नसते, ती मजकुरातही असते. आयईईई या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेच्या जर्नलांत संदर्भ चौकटी कंसातल्या आकड्यांनी दिले जातात, मजकुरात ते ज्या क्रमाने प्रथम येतात त्या क्रमाने हे आकडे मिळतात आणि एकदा मिळालेला आकडा शेवटपर्यंत बदलत नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या जर्नलांत मात्र मजकुरात आडनाव आणि वर्ष येते, तर यादी आडनावांच्या वर्णक्रमाने लागते. पुलाच्या कंपनांवरचा लेख स्थापत्याच्या जर्नलने नाकारला आणि तो सेन्सरच्या अंगाने आयईईईकडे पाठवायचे ठरले, तर हाताने टंकलेल्या लेखात प्रत्येक वाक्यातली संदर्भखूण बदलावी लागते. त्यानंतर एखादा परिच्छेद मागेपुढे केला तरी पुढचे आकडे सरकतात. हे काम प्रकाशक करत नाही, कारण तोवर लेख स्वीकारलेलाच नसतो.

गूगल स्कॉलरबद्दलचा मुद्दा सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. तिथल्या ‘साइट’ या खिडकीत एमएलए, एपीए, शिकागो, हार्वर्ड आणि व्हँकुव्हर या पाच शैली मिळतात. अभियांत्रिकीत जिची सर्वाधिक गरज पडते ती आयईईई त्यांत नाही, त्यामुळे विद्यार्थी एपीएतली नोंद उचलून हाताने तिची मोडतोड करतात आणि यादीत दोन शैलींची सरमिसळ होते. तिथून बिबटेक्सची, म्हणजे लाटेक् मध्ये संदर्भसूची तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरची, नोंद उतरवली, तर तिच्यात डीओआय नसतो. बिबटेक्स १९८५ पासून वापरात आहे आणि आजही उत्तम काम देते, पण दिलेल्या नोंदीवर ते ठरावीक नियम चालवते, ती नोंद खरी आहे की नाही हे ते तपासत नाही. लेखकाच्या जागी ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्स असे संस्थेचे नाव साध्या महिरपी कंसात लिहिले, तर ते एका व्यक्तीचे नाव समजले जाते आणि आयईईई शैलीत ‘बी. ऑफ इंडियन स्टँडर्ड्स’ असे छापले जाते. दुहेरी महिरपी कंस दिला की ही चूक टळते. शीर्षकातल्या काल्मन किंवा पीआयडी यांसारख्या शब्दांची मोठी रोमन अक्षरेही अशाच कंसांत जपावी लागतात, नाहीतर ती लहान होतात.

आपल्याकडच्या नावांचा प्रश्न तर याहून मोठा आहे. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या परिषद-लेखांवर आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव अशा क्रमाने नाव छापलेले आढळते. सॉफ्टवेअर शेवटच्या शब्दाला आडनाव मानते, त्यामुळे संदर्भ वडिलांच्या नावाने नोंदला जातो आणि ज्याने काम केले त्याचे आडनाव एका आद्याक्षरापुरते उरते. झोटेरो किंवा मेंडेली यांसारखे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरावे, असेच माझे मत आहे, पण प्रत्येक नोंद मूळ लेखाचे पहिले पान समोर ठेवून एकदा दुरुस्त केल्यानंतर.

डीओआयची उपयुक्तता मला पूर्ण मान्य आहे. पण मानके, पेटंट, उत्पादकांच्या डेटाशीट आणि जुने परिषद-लेख यांना बहुतेकदा डीओआय नसतोच. काँक्रीटच्या मिश्रणावरच्या लेखात नुसते ‘आयएस १०२६२’ हे मिश्रणाच्या प्रमाणांचे भारतीय मानक लिहिले, तर वाचकाने कोणती आवृत्ती समजायची? १९८२, २००९ आणि २०१९ अशा तिच्या आवृत्त्या आहेत. उच्च सामर्थ्याच्या आणि स्वयंसंघनित काँक्रीटसाठी स्वतंत्र विभाग २०१९च्या आवृत्तीत आहेत. वर्ष दिले नाही, तर प्रयोगातली प्रमाणे कोणत्या पद्धतीने काढली हे कोणालाच पडताळता येणार नाही. दुसरे असे की परिषदेतला लेख आणि त्याचाच जर्नलमध्ये आलेला विस्तार यांची शीर्षके जवळजवळ सारखी असतात आणि डीओआय वेगळे असतात. डीओआयमधला एक आकडा चुकला, तर खंड, पृष्ठे आणि शीर्षक यांच्याच आधाराने मूळ लेख शोधता येतो.

परीक्षक यादी वाचत नाहीत, हे विधान मला सरसकट अमान्य आहे. त्या विषयात काम करणारा परीक्षक कोणते महत्त्वाचे काम सुटले आहे हे यादीतच पाहतो. परीक्षकाच्या नजरेतून काही निसटले, तरी क्रॉसरेफ (डीओआय नोंदवणारी संस्था) आणि स्कोपस (शोधलेखांची सूची) यांच्या यंत्रणा तीच यादी वाचतात, आणि नोंद जुळली नाही तर ज्याचे काम आपण वापरले त्याच्या नावे तो संदर्भ मोजला जात नाही. तरुण संशोधकाच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही.

न तपासता उतरवलेल्या नोंदींचा माग काढता येतो, हेही लक्षात ठेवावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील विद्युत अभियांत्रिकी विभागातल्या सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी १९७३च्या एका प्रसिद्ध भौतिकी लेखाचे सुमारे ४,३०० संदर्भ तपासले. त्यांपैकी १९६ संदर्भांत छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या, आणि पृष्ठक्रमांकाची एकच चूक ७८ वेळा आली होती. एवढ्या लोकांच्या हातून स्वतंत्रपणे एकच आकडा चुकणे शक्य नाही. त्यांनी एकमेकांच्या याद्या उतरवल्या होत्या.

याहून गंभीर प्रकार २०१७ मध्ये चर्चेत आला. एल्सव्हिअरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत मांडणी कशी असावी हे दाखवायला व्हॅन डेर गीर आणि इतर दोघांच्या नावे २००० सालची एक नमुन्याची नोंद दिलेली होती. असा लेख कधी प्रसिद्धच झालेला नव्हता, तरीही सुमारे ४०० प्रकाशित लेखांच्या याद्यांत तो सापडला, आणि त्यांतले बहुसंख्य परिषद-लेख होते. टेम्प्लेटमधली (लेखाच्या तयार साच्यातली) ही नमुन्याची ओळ पुसायची राहिली आणि संपादन, परीक्षण, प्रकाशन या सगळ्या टप्प्यांतून ती तशीच पुढे गेली. आता चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलांकडून मिळवलेल्या याद्यांत अस्तित्वात नसलेले संदर्भ अगदी बिनचूक मांडणीत येतात, म्हणून नोंद नीटनेटकी दिसते एवढ्यावर ती खरी मानता येत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. लेख वाचतानाच त्याची नोंद मूळ पानावरून केली, तर शेवटी फक्त शैली निवडायची उरते. पाठवण्यापूर्वी मजकुरातला प्रत्येक आकडा यादीत आहे का, यादीतली प्रत्येक नोंद मजकुरात वापरली आहे का, प्रत्येक डीओआय उघडल्यावर तोच लेख समोर येतो का आणि टेम्प्लेटमधल्या नमुन्याच्या नोंदी काढल्या आहेत का, एवढे लेखकाने स्वतः पाहावे. प्रकाशकाकडे हे तपासायला ना लेखकाची टिपणे असतात, ना त्याने वाचलेल्या प्रती.