ठेवी आत्याच्या, कायदा संस्थापकांचा

आज बसस्टँडसमोर नवा फ्लेक्स लागलाय. ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर जादा व्याज, खाली पतसंस्थेच्या नव्या शाखेच्या उद्घाटनाची तारीख, आणि मधोमध हात जोडून उभे आमदारसाहेब. संस्थेचे संस्थापकही तेच. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबेल, पण वाचा.

माझ्या आत्याने खानावळ चालवून पैसे साठवले. रोज संध्याकाळी पिग्मीवाला दारात यायचा, ही कणकेचे हात पदराला पुसून पन्नास-शंभर काढून द्यायची. त्यातूनच पुढे दोन लाखांची ठेव झाली. मग ती पतसंस्था बुडाली (हिचे संस्थापक दुसरे, पण तेही राजकारणातलेच). आता तिथे अवसायक, म्हणजे बुडालेली संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी, बसलाय. आत्या मूळ पावती, आधार, पासबुकाची झेरॉक्स घेऊन जाते आणि "वसुली होईल तसं मिळेल" एवढं ऐकून परत येते. पावती तिने दुधाच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलीय, उंदरांनी कुरतडू नये म्हणून.

"बँकेतच टाकलेत की, सरकार देईल," असं ती अजून म्हणते.

नाही गं देणार. बँक असती, अगदी सहकारी बँक असती, तरी पाच लाखांपर्यंत विमा होता. 2019 ला पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, लोक रस्त्यावर रडले. 2020 ला एक लाखाची मर्यादा पाच लाख झाली, 2021 ला 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायचा कायदा झाला. मनावर घेतलं की होतं. पतसंस्थेला मात्र तो विमा नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या नाही, राज्याच्या 1960 च्या सहकार कायद्याखाली चालते. म्हणजे आत्याच्या पैशाला संरक्षण द्यायचं की नाही, हे ठरतं आपल्या विधानभवनात.

आणि तिथे कोण बसलंय? कुणाची स्वतःची पतसंस्था, कुणाच्या बायकोची, कुणाच्या मेहुण्याची. तुम्हाला तुमच्या तालुक्यातली नावं माहीत आहेत, मी कशाला लिहू? कायद्यात पतसंस्थांसाठी स्थिरीकरण व तरलता सहाय्य निधीची, म्हणजे अडचणीतल्या संस्थेला हात द्यायला सगळ्यांनी मिळून भरायच्या निधीची, तरतूद आणली, तर अंशदान (त्यातला आपला वाटा) नको म्हणून चालकांचीच ओरड. अहो, बँका विम्यासाठी शंभर रुपये ठेवीमागे वर्षाला फार तर 12 पैसे भरतात. आत्याच्या दोन लाखांवर वर्षाचे 240 रुपये होतात! यापेक्षा जास्त खर्च त्या फ्लेक्सवर झाला असेल.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे. तिथल्या क्रेडिट युनियन म्हणजे आपल्या पतसंस्थांसारख्याच. त्यांच्या ठेवींचा विमा एका खाजगी संस्थेकडे होता आणि ती चालवत होते विमा घेणारेच. ऐंशीच्या दशकात केंद्राचा विमा सक्तीचा करायचा प्रयत्न तिथल्या विधिमंडळात बारगळला. शेवटी ती विमा संस्थाच कोसळली आणि 1 जानेवारी 1991 ला नव्या गव्हर्नरला शपथ घेतल्या दिवशीच 45 पतपेढ्या-बँकांना टाळं लावावं लागलं. दहा लाखांच्या राज्यात जवळपास तीन लाख खाती गोठली. तिथेही किती आत्या असतील.

चांगल्या पतसंस्था आहेत, मान्य. आत्याला खानावळीसाठी पहिलं कर्ज पतसंस्थेनेच दिलं, बँकेने दारात उभं केलं नव्हतं. पण चांगल्या संस्थेला 12 पैशांची भीती कशाला वाटावी?

मध्यंतरी तो पिग्मीवाला भेटला. आमच्याच गल्लीतला पोरगा. आत्याला बघून रस्ता बदलत होता, तिनेच हाक मारली आणि चहाला बसवलं. त्याच्या आईचे पैसेही तिथेच अडकलेत. त्याच्यावर राग धरून काय करू? लोकांच्या शिव्या त्याने खाल्ल्या, संचालक मंडळाने नाही. त्यातले एकजण परवाच एका लग्नात पुढच्या सोफ्यावर बसले होते. आत्या मागे पंगतीत वाढत होती.

मला फार मोठं काही नको. राज्यसभेत खासदारांच्या हितसंबंधांची नोंदवही असते, मोबदला मिळणारं संचालकपद तिथे लिहावं लागतं. आपल्या आमदारांनीही लिहावं, आणि नुसतं मोबदल्याचं नाही. कुठल्या पतसंस्थेत आपण, बायको, मुलगा, भाऊ कोण आहे, कर्ज किती उचललंय, सगळं. आणि पतसंस्थांच्या ठेवींचा विषय सभागृहात आला की त्या सदस्याने मतदानाला बसू नये. धंदा करायला ना नाही, पण आपल्याच धंद्याचे नियम आपणच ठरवायचे?

अधिवेशनाआधी हे सगळं पत्रात लिहून आमच्या आमदारांना देणार आहे, आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. ज्यांच्या ठेवी अडकल्यात त्यांनी सह्यांना या. पावतीची झेरॉक्स आणा, मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. रविवारी सकाळी दहा वाजता, आत्याच्या खानावळीत.