तगादा कुठे थांबतो?

सामान्य माणसाला नादारीचा, म्हणजे कर्ज फेडता येत नसल्यास न्यायालयाकडून सुटका मागण्याचा हक्क दिला तर लोक मुद्दाम कर्ज बुडवतील, असं बडोद्यात बरेच जण म्हणतात. न्यू जर्सीतली पद्धत पाहून मला ते अजिबात पटत नाही.

इथे खरा दिलासा कर्जमुक्तीच्या आधीच मिळतो. नादारीचा अर्ज दाखल झाला की वसुलीचे फोन, दावे, पगारातली जप्ती थांबवावी लागते. न्यायाधीशाच्या सहीसाठी थांबायचं नसतं. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. अर्जापूर्वीच्या 180 दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेचं समुपदेशन घ्यायचं, मिळकत आणि मालमत्ता शपथेवर सांगायची. लोक फसतात ते इथेच. एखादा सावकार यादीतून सुटतो, किंवा गाडी आधीच भावाच्या नावावर केलेली असते. दोन वर्षांतलं असं हस्तांतरण रद्द करून घेता येतं, आणि लपवाछपवी सिद्ध झाली तर कर्जमुक्तीच नाकारली जाते. पोटगी सुटत नाही. अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली अर्ज केला तर सहकर्जदारालाही संरक्षण नाही, म्हणजे सही केलेल्या मेव्हण्याकडे तगादा सुरूच राहतो. एवढी झडती कोण हौसेने देईल?

आपल्याकडे 2016च्या दिवाळखोरी संहितेत 81 आणि 96 या कलमांत अर्जाच्या तारखेपासून वसुलीला स्थगिती लिहिलेली आहे. पण व्यक्तींसाठीचा तो भाग, 81 कलम सोडून, 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तोही फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. बडोद्यात दांडिया बाजारातल्या पगारदाराला अजून 1920च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयातच जावं लागतं. तिथे नुसत्या अर्जाने वसुली थांबत नाही. नादार ठरवल्याचा हुकूम झाल्यावरच सावकाराचे हात बांधले जातात. मधल्या काळात घरात फोन वाजतच राहतो.

तोवर हाती आहे ते वापरावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुली एजंटाने सकाळी 8च्या आधी आणि संध्याकाळी 7नंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा, एजंटाकडे बँकेचं अधिकारपत्र मागा, पैसे फक्त कर्जखात्यातच भरा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा; 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. जुन्या विनातारण कर्जात सांभाळून राहा: दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत संपण्याआधी थोडी रक्कम भरली किंवा कर्ज कबूल केल्याची सही दिली, तर मुदत नव्याने मोजली जाते. चेक न वटल्याचा खटला वेगळा, तो या कशाने टळत नाही.

आणि संहितेतला व्यक्तींसाठीचा तो भाग नुसता सगळ्यांना लागू करूनही भागणार नाही. त्यातल्या 'नव्या सुरुवाती'च्या सवलतीसाठी वार्षिक उत्पन्न 60,000 आणि कर्ज 35,000 रुपयांच्या आत हवं. महिन्याला 5,000! मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतला साधा कामगारही त्यात बसणार नाही. आधी हे आकडे बदला, मग तारीख जाहीर करा.