‘खेळणं’ म्हणणाऱ्या वाचकाला: कानशीने घासलेल्या बंप किल्लीबद्दल

बंप किल्ली, म्हणजे ठोका देऊन पिनांचं कुलूप उघडणारी किल्ली, हाताने कशी घासायची यावरच्या परवाच्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली. ती अशी: “कानशीने हाताने घासलेली बंप किल्ली म्हणजे खेळणं. हाताला दशांश मिलीमीटर कळतच नाही, हे मशीनचं काम आहे. मापं इंचात का दिलीत? स्पूल पिना असतील तर काय, ते लिहिलंच नाही. आणि एवढं सगळं उघड लिहून तुम्ही चोरांचे क्लास चालवताय. आधी शिका, मग शिकवा.”

इंचांचं खरं आहे. लेख श्लागे एससी१ या अमेरिकन किल्लीवर होता आणि तिची कारखान्याची मापं इंचात असतात, म्हणून तशीच लिहिली. मिलीमीटर सोबत द्यायला हवे होते. चूक मान्य, खाली दिले आहेत.

पण “आधी शिका, मग शिकवा” हे कशाच्या जोरावर? पंधरा वर्षं हातात कानस आहे. सरावाचे सिलिंडर शंभरावर वेळा उघडून पुन्हा भरलेत. मतभेद असू द्या, पण समोरच्याने कधी व्हर्निअर धरलाच नसेल असं गृहीत धरून बोलायची ही कुठली रीत? “मला पटलं नाही” एवढं लिहिलं असतंत तरी मी याच आस्थेने उत्तर दिलं असतं.

आता ‘खेळणं’. दशांश मिलीमीटरची अचूकता हवीच, पण ती कुठे हवी हे तुम्ही लक्षातच घेतलेलं नाही. नेहमीच्या किल्लीत प्रत्येक खाचेची खोली नेमकी लागते, कारण खालच्या-वरच्या पिनेचा सांधा शिअर लाइनवर, म्हणजे फिरणारा प्लग आणि बाहेरचं कवच यांच्या मधल्या रेषेवर, येऊन थांबायचा असतो. श्लागेत ० ते ९ अशा दहा खोल्या आहेत आणि दोन खोल्यांमधला फरक ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. तिथे अर्ध्या पायरीची चूकसुद्धा महागात पडते. बंप किल्लीत पाचही खाचा सर्वांत खोल, म्हणजे ९ नंबरच्या असतात. किल्लीच्या तळापासून खाचेच्या बुडापर्यंत ०.२०० इंच, ५.०८ मिमी उरतात. खाच याहून थोडी जास्त खोल गेली तरी बिघडत नाही, पिना आपल्या भोकाच्या तळाशीच अडतात. तेव्हा ज्या मापावरून तुम्ही मला नापास केलंत, त्याच मापात या किल्लीला सर्वांत जास्त सूट आहे.

नेमकेपणा लागतो तो खाचांमधल्या अंतरात आणि दातांच्या सारखेपणात. पहिल्या खाचेचा मध्य खांद्यापासून (किल्ली कुलपाला टेकून थांबते त्या कडेपासून) ५.८७ मिमीवर, पुढच्या ९.८३, १३.८०, १७.७७ आणि २१.७४ वर. ही पाचही मापं खांद्यापासूनच घ्यायची. नवशिका पहिल्या खाचेवरून दुसरी आखतो, दुसरीवरून तिसरी, आणि दर वेळी ०.१ मिमीने चुकला तर शेवटच्या खाचेपर्यंत जवळजवळ अर्धा मिलीमीटर सरकलेला असतो. किल्लीला पुढे सरकायला जागाच मुळात पाव ते अर्धा मिलीमीटर, म्हणजे चुकीनेच ती सगळी खाल्ली. पाते मार्करने काळं करा, व्हर्निअरच्या टोकाने रेघ ओढा, भिंगाखाली पाहा. रेघ बारीक दिसते, कानस तिच्यावर ठेवता येते. यात हाताला न कळण्यासारखं काय आहे?

दात कसे घासायचे तेही सांगतो, कारण ‘खेळणं’ शब्दाचं उत्तर तिथेच आहे. कोरी किल्ली निकेल सिल्व्हरची घ्या, पितळेची नको. पितळ घासायला मऊ लागतं, पण ठोक्यांनी खांदा चेपतो आणि दहा-वीस ठोक्यांत माप बदलतं. व्हाइसच्या जबड्यांत जाड पुठ्ठा घालून किल्ली धरा. त्रिकोणी सुई-कानस प्रत्येक रेघेवर आळीपाळीने चालवा. एक खाच पूर्ण करून मग दुसरी, असं करू नका, पाचही बरोबरीने खाली न्या. त्रिकोणी कानशीचा कोन ६० अंशांचा, उतार हवा साधारण ९० ते १०० अंशांचा, म्हणून खाच उतरल्यावर चपट्या कानशीने दोन्ही बाजू मोकळ्या कराव्या लागतात. बुडाशी पाऊण मिलीमीटर सपाट ठेवलंत तर मधला दात दीड मिलीमीटरच्या आसपास उंच राहतो. सगळे दात एका उंचीचे हवेत. एक दात बुटका राहिला की त्याच्या पिनेला धक्का उशिरा आणि हलका बसतो, चार पिना उडतात, पाचवी बसून राहते. किल्ली उन्हासमोर धरून दातांच्या शेंड्यांवर पोलादी पट्टी ठेवा, फट कुठे आहे ते लगेच दिसतं. शेवटी कडांवरची कूस काढा, नाहीतर ती पिनांवर अडकते आणि किल्ली ओढताना प्लग खरवडला जातो.

कॅरममध्ये दोन सोंगट्या चिकटून असल्या आणि मागच्या सोंगटीला स्ट्रायकर बसला, तर मागची जागच्या जागी थांबते आणि पुढची सुटते. कुलपात हेच होतं. उतार खालच्या पिनेला मारतो, वरची पिन उडते, त्या क्षणार्धात दोघींमध्ये फट पडते आणि प्लग फिरतो. पाचही फटी एकाच वेळी पडायला हव्यात. सारखेपणावर एवढा जोर आहे तो यासाठी.

आणि आता तुमचं मशीन. मशीनने खाचा उत्तम कापतात, नाही कोण म्हणतो? पण खांदा आणि टोक पाव मिलीमीटर उतरवायचं काम त्यानंतर उरतंच, आणि ते कानशीनेच होतं. तीन-चार हलके हात, माप, पुन्हा एक हात. इथे घाई केली की किल्ली गेली. खांदा जास्त उतरला तर दात पिनांच्या पुढे निघून जातात आणि तो परत चढवता येत नाही. आखणी आधी, खांदा नंतर, हा क्रमही उलटवू नका, कारण सगळी मापं त्या खांद्यावरूनच येतात. म्हणजे तुमची मशीनवरची किल्लीसुद्धा अखेर हातावरच उभी आहे. मग हातालाच काही कळत नाही म्हणून कसं चालेल?

किल्ली चांगली असूनही प्लग फिरत नसेल तर बहुतेक वेळा बोटाचा जोर जास्त असतो. पिळा जोरात दिला की पिना भोकाच्या कडेला दाबून धरल्या जातात, उडतच नाहीत. बोटाचं वजन पुरे. ठोका स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने, आखूड आणि कोरडा. दोन ठोक्यांमध्ये स्प्रिंगा शांत होऊ द्या. खांद्याशी पातळ रबरी रिंग बसवली की किल्ली आपोआप मागे येते.

स्पूल पिनांचा, म्हणजे कुलूप फसवून उघडू नये म्हणून मधे बारीक केलेल्या पिनांचा, प्रश्न या लेखाचा नव्हता, त्यामुळे तो इथे काढण्यात अर्थ नाही.

चोरांच्या क्लासबद्दल दोन वाक्यं पुरेत. या प्रकारच्या किल्लीचं अमेरिकन पेटंट १९२०च्या दशकातलं आहे, त्यामुळे मी नवं गुपित फोडलेलं नाही. आणि सराव फक्त स्वतःच्या, व्हाइसमध्ये धरलेल्या सिलिंडरवर करायचा, दारावरच्या चालू कुलपावर कधीही नाही, हे मूळ लेखात पहिल्याच परिच्छेदात आहे. ठोक्यांनी भोकांच्या कडा आणि पिना चेपतात, स्वतःच्या दाराचं कुलूपही त्याने कायमचं बिघडू शकतं. तो परिच्छेद तुम्ही वाचला नाहीत असंच दिसतं. ज्यांना दाराची काळजी आहे त्यांनी साइडबार (पिनांखेरीज बाजूची वेगळी अडसर-पट्टी) असलेलं सिलिंडर किंवा अबलॉयसारखं चकत्यांचं कुलूप पाहावं. चकत्यांच्या कुलपात उडायला स्प्रिंगवरच्या पिनाच नसतात. आपल्याकडच्या लीव्हरच्या कुलपांवरही ही किल्ली चालत नाही, तिथली रचनाच वेगळी.

तुमच्याकडे मशीनवर कापलेली किल्ली असेल तर तिच्या पाच खाचांची खांद्यापासूनची अंतरं आणि चार दातांची उंची मोजून इथेच लिहा. माझ्या किल्लीची मी उद्या सकाळी टाकतो.