दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला बँक परीक्षेच्या क्लासकडून उत्तर

भाऊ, नाव दिसत नाहीये म्हणून अहोजाहोच करतो. तुम्ही लिहिलंय की सिलॉजिझमला, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो का ते ओळखायच्या प्रश्नांना, सर नुसते गोल काढत बसतात, यूट्यूबवर पाच सेकंदात ट्रिकने होतं, रविवारच्या टेस्टची दोन उत्तरं चुकीची होती आणि मागचा पंखा बंद असतो.

पंख्याचं खरंय. भुसावळचा मे महिना आणि पंखा बंद, मलाच लाज वाटली. काल वायरमन येऊन गेला, चालू आहे आता.

दोन उत्तरांपैकी एक आमचंच चुकलं. 'फक्त काही पेरू गोड आहेत' असं विधान होतं आणि 'सगळे पेरू गोड असण्याची शक्यता आहे' हा निष्कर्ष आन्सर की मध्ये बरोबर दाखवला गेला. 'फक्त काही' म्हटलं की काही आहेत आणि काही नाहीत हे दोन्ही पक्कं, मग शक्यता उरतेच कुठे. चूक माझी, ज्यांनी बरोबर लिहिलं होतं त्यांचा मार्क वाढवतोय.

पण केळी-मिरचीच्या प्रश्नावर मी हटणार नाही हं. काही केळी वांगी आहेत, एकही वांगं मिरची नाही. यावरून 'काही केळी मिरच्या नाहीत' हे निघतं, जी केळी वांगी आहेत ती मिरच्या होऊच शकत नाहीत. तुम्ही ट्रिकने ते उलटं केलं, 'काही मिरच्या केळी नाहीत', आणि तेही बरोबर धरलं. आता गोल काढा ना भाऊ: केळ्यांचा मोठा गोल, वांग्यांचा त्यात थोडा घुसलेला, आणि मिरच्यांचा छोटा गोल अख्खाच्या अख्खा केळ्यांच्या आत, वांग्याला न शिवता. दोन्ही विधानं शाबूत आणि तुमचा निष्कर्ष गेला. 'काही आहेत' उलटतं, 'एकही नाही' उलटतं, 'काही नाहीत' उलटत नाही, पोरं इथेच आपटतात.

बँकेच्या प्रिलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, रिझनिंगचे 35 प्रश्न 20 मिनिटांत, गोल काढायला वेळ कुठे, हे मान्य, म्हणूनच पहिला महिना वहीत काढून घेतो, नंतर ते डोक्यातच दिसायला लागतात, आणि चुकलं की पाव मार्क कापतात ते ट्रिकवाला भरून देत नाही.

बुधवारी साडेसहाला डाउटचं लेक्चर आहे, या. येताना टेस्टचा पेपर आणा, पेरूवालं बरोबर लिहिलं असेल तर मार्क तिथेच वाढवून देतो.