ही धरली न्हाई

परवापासून माझा एका म्हाताऱ्याशी अबोला आहे. त्यांना अजून पत्ता नाही, पण आपण आपल्या बाजूनं पाळायचा.

चाळिशी ओलांडली की स्नायू झिजायला लागतात, नुसत्या रंकाळ्याच्या फेऱ्यांनी ते भरून येत नाहीत, जरा वजन उचला, असं डॉक्टर म्हणाले आणि मी पेठेतल्या एका जिममध्ये नाव घातलं. दुसऱ्या कुठल्याही गावात नवशिका म्हणजे नुसता नवशिका. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आणि घरटी एकतरी असा, ज्याच्या आजोबांनी कुणाला तरी कुठंतरी अस्मान दाखवलेलं. इथं 20 किलोचा मोकळा बार उचलून लालबुंद होणाऱ्या माणसाकडं लोक बघतात आणि लगेच नजर वळवतात. ते नजर वळवणं जास्त लागतं.

अशा माणसाला आधार एकच, वही. सुरुवातीला जी ताकद वाढते ती स्नायू फुगून नाही. आधी मेंदू आणि नसा शिकतात, आहेत त्याच स्नायूंना नीट कामाला लावतात. त्यामुळं बार दिवसेंदिवस हलका वाटतो, पण आरसा ढिम्म. दंड तेवढाच, पोट तेवढंच. बहुतेक लोक नेमके ह्याच काळात गळतात. मी टिकलो, कारण वहीत लिहायचो. तारीख, वजन, किती वेळा. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटा चढवल्या की मागच्या आठवड्यापेक्षा मोठा आकडा पडतो. घरी येऊन मी ती वही पासबुकासारखी उघडून बघतो, हे बायकोला माहीत आहे. ती काही बोलत नाही.

आबांनी हात घातला तो ह्या वहीला.

आबांचा नातू पोलीस भरतीची तयारी करतोय. आबा त्याच्याबरोबर येतात आणि त्याचं आटपेपर्यंत बेंचवर बसून राहतात. ज्यांना बेंच प्रेस मारायचा असतो त्यांनी तोवर दुसरं काहीतरी बघायचं. पांढरा लेंगा, टोपी, आणि दोन्ही कान मातीत घासून मोडलेले. असे कान दिसले की कोल्हापुरात माणूस आपोआप वाट देतो. मीही दिली होती.

परवा मी बारला 5-5 किलोच्या प्लेटा लावून स्क्वॉट मारायला उभा राहिलो, तेव्हा आबा बेंचवरून उठून आले.

"किती मारतोस?"

"आठ."

"मार. मी मोजतो."

मी बार खांद्यावर घेतला, खाली गेलो, वर आलो. शांतता. परत खाली, परत वर. शांतता.

"आबा, मोजताय न्हवं?"

"मोजायसारखं काय झालंय अजून?"

तिसरी बैठक मी जीव खाऊन मारली. "ही बी धरली न्हाई," आबा म्हणाले. "टाच कुठं उचलली?"

आता ही एक जुनी भानगड आहे. तालमीतली बैठक चवड्यावर मारतात. खाली जाताना टाच उचलते, गुडघा पुढं येतो, हात झोक्यानं फिरतात. बार खांद्यावर असला की टाच जमिनीला चिकटलेली पाहिजे, नाहीतर तोल पुढं जाऊन माणूस आरशाला भेटतो. हे मला ट्रेनरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. (त्यानं मला सांगितलेली ती बहुधा शेवटची गोष्ट.) मी तेच आबांना समजावायला गेलो. पाठीवर 30 किलो घेऊन.

"कुणी सांगितलं?"

"ट्रेनरनं."

आबांनी ट्रेनरकडं बघितलं. तो काउंटरवर रील बघत होता. आबांनी परत माझ्याकडं बघितलं. वाद संपला.

"मार."

पुढच्या बैठकीला "एक" असा आवाज आला आणि काय सांगू, सर्व्हिस बुकात नोंद झाल्यासारखं वाटलं. त्याच्या पुढची "अर्धी".

"अर्धी कशी काय?"

"खाली गेलास झ्याक, वर येताना कण्हलास. अर्धी धरलीय, उरलेली नंतर दे."

मी पुन्हा खाली गेलो आणि अर्ध्यावर असताना आबा म्हणाले, "थांब. हलू नको. ह्याच्यावरनं आठवलं."

बार ठेवून का दिला नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. बार ठेवायच्या एका हुकावर आबांनी टॉवेल टाकला होता आणि दुसऱ्यावर कोपर टेकून ते उभे होते. खासबागेतल्या एका कुस्तीची गोष्ट होती. आता खासबागेचं नाव निघालं की कोल्हापूरकर थेट कुस्तीवर येत नाही. आधी मैदान. शाहू महाराज 1902 ला विलायतेला गेलेले, तिकडची गोल मैदानं बघून त्यांच्या मनात आलेलं, मग 1912 ला आपलं मैदान उभं राहिलेलं, आणि कुठंही बसा, कुस्ती स्वच्छ दिसतेच. हे सगळं मला शाळेपासून पाठ आहे. मांड्या थरथरत असताना ते पुन्हा ऐकायची हौस नव्हती. मी कसाबसा सरळ उभा राहिलो. आबा ट्रकवर आले. गावातनं ट्रक भरून पोरं आलेली. ट्रक कुणाचा होता, त्याचा पुढं काय वाद झाला, वाटणीत शेत कुणाला गेलं, हे आलं. जोड अजून आखाड्यात उतरली नव्हती.

"आबा, जरा टॉवेल..."

"अरं ऐक की. घाई काय हाय?"

शेवटी नातूच आला. त्यानं माझ्या खांद्यावरचा बार एका हातानं पेलून हुकावर ठेवला, आणि माझ्या प्लेटांना हातही न लावता बाहेरून 20-20 किलोच्या प्लेटा सरकवल्या. म्हणजे माझ्या सगळ्या कष्टाचा त्याला काही अडसर वाटला नाही. वॉर्मअपला चालून गेला.

"आबा, किती झाल्या?" मी विचारलं.

"कशाच्या?"

"बैठका."

"इसरलो बघ. पयल्यापासनं मार."

वहीत काय लिहू? आठ लिहिलं तर खोटं, दीड लिहिलं तर मागच्या आठवड्यापेक्षा खाली. रकाना मोकळाच आहे. परवाचं दुखणं आज खरं वर आलंय. हे असंच असतं, व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी ठणका जास्त जाणवतो. ऑफिसचा जिना मी कठड्याला धरून आडवा उतरतोय. शिपाई म्हणाला, "साहेब, पाय मुरगळला?" मी हो म्हटलं. तेवढाच मान राहिला.

घरीही काही वेगळं नाही. वजन उचलणाऱ्याला अंगाच्या किलोमागं 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. माझं वजन 75 किलो, म्हणजे 120 ग्रॅम. एका अंड्यात धरा 6 ग्रॅम. नुसत्या अंड्यांवर काढायचं तर रोज 20. मी डझनभर जास्त आणली तर आई म्हणाली, "कोण येणार हाय?" खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. मी घर मागत नाही. अंड्यांबद्दल कुणी विचारू नये एवढंच. गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूधही प्यायलो. त्यानं दंड राहिला बाजूला, दुपारच्या मीटिंगमध्ये झोप लागली.

आणि हे सगळं वर्षाचे पैसे आगाऊ भरून. महिन्याचा दर असा ठेवलेला असतो की माणूस गुमान वर्षाचेच भरतो. भरलेले सगळे जण एका दिवशी आले तर आत उभं राहायला जागा पुरायची नाही. तुम्ही येऊ नये ह्याच हिशेबावर हा धंदा चालतो, मग येणाऱ्याला हुरूप कोण देणार? ट्रेनरनं नीट बघावं असं वाटत असेल तर 'पर्सनल' घ्या, त्याचे वेगळे. एरवी मला, नातवाला आणि लग्नासाठी बारीक व्हायला आलेल्या नवऱ्या मुलाला एकच तक्ता, झेरॉक्स मारलेला, खालची ओळ कापली गेलेला.

काल जिममध्ये शिरतोय तर नातू दारातच भेटला. "काका, आबांनी निरोप दिलाय. तुमच्याकडं अर्धी बाकी हाय म्हणे."

मी तडक मालकाच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, मेंबर नसलेल्यांनी मशिनपाशी उभं राहू नये अशी पाटी लावा. मालकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, तुमच्याकडं कुणीतरी लक्ष देतंय न्हवं? त्याचे मी पैसे घेतोय का?"

बाहेर आलो तर काउंटरमागच्या फळ्यावर 'पर्सनल'चा जुना दर पुसून नवा लिहिलेला होता. खडू अजून तिथंच पडला होता, आणि आकडा अर्थातच वाढलेला.