किती एकर?

"किती एकर?" काउंटरमागच्या पोरानं विचारलं. मान मोबाईलमध्येच.

मी टोमॅटोचं बी मागितलं होतं, बस्स. पेठेतलं बियाण्यांचं एक दुकान आणि वार शनिवार. शनिवारी बेळगावचा बाजार, त्यामुळे आजूबाजूच्या गावांतली निम्मी शेती त्या दुकानात उभी. "एकर नाही रे, कुंड्या आहेत," म्हटल्यावर त्यानं मान वर केली, मला एकदा न्याहाळलं आणि आतल्या मालकाला कानडीत ओरडून सांगितलं, की अज्जीला खेळायला बी पाहिजे म्हणे.

मला कानडी कळतं हे त्याच्या गावीही नव्हतं. खेळायला म्हणाला, ते एक वेळ सोडून देईन. अज्जी? केस रंगवायचे नाहीत हे मी ठरवलंय, म्हणून ते भर दुकानात पुकारायचं?

मालक मात्र सज्जन. त्यांनी दहा ग्रॅमचं पाकीट पुढं ठेवलं. साडेपाचशे रुपये, आणि याच्यापेक्षा लहान येत नाही. आता हिशेब बघा. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया असतात. म्हणजे या पाकिटात ३,०००. संकरित टोमॅटोला एकरी ५०-६० ग्रॅम बी पुरतं, तेव्हा हा ऐवज सात-आठ गुंठ्यांचा. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. आमच्या गच्चीतून पाण्याची टाकी, सोलरचं धूड आणि ह्यांची आरामखुर्ची वजा केली की अर्धा गुंठासुद्धा उरत नाही. आणि आरामखुर्ची हलवायची नाही, असा घरात कायदा आहे.

"सुटं द्या की थोडं. दहा बिया पुरेत."

"सुटं देता येत नाही, बाई." त्यांनी पाकीट उलटं केलं. लॉट नंबर, उगवण किमान ७० टक्के, शुद्धता ९८ टक्के, तपासणीची तारीख, मुदत तिथून नऊ महिने. "पाकीट फोडलं की हे छापलेलं कशाला लागू होणार? उद्या उगवलं नाही तर तुम्ही मलाच धरणार." माणूस बरोबर बोलत होता, आणि बरोबर बोलणाऱ्या दुकानदाराशी भांडताही येत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "रान कुणीकडं म्हणायचं तुमचं?"

खताच्या पोत्यावर एक तात्या बसले होते. येळ्ळूरकडचे. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, आणि घाई अजिबात नाही. बिल करून बसले होते. बस यायला वेळ होता. अशा माणसाच्या तावडीत कुणी सापडू नये.

"इथंच. टिळकवाडीत."

"टिळकवाडीत रान ऱ्हायलंय अजून? एन. ए. होऊन प्लॉट पडले नव्हं सगळे?"

"गच्चीवर हो, तात्या. तिसऱ्या मजल्यावर."

तात्यांनी वर बघितलं. दुकानाच्या छताकडं, जणू माझं रान तिथंच टांगलंय.

"बरं. आणि पाणी?"

"राकसकोपचं."

"मग धरणाखालीच हाय म्हणा की!" तात्यांचा चेहरा उजळला. प्रथमच मी त्यांना शेतकरी वाटले असणार.

"तसं नाही. नळाला येतं ते."

"येतं?" हा प्रश्न तात्यांनी अगदी निरागसपणे विचारला, पण अख्खं दुकान हसलं. नळाच्या पाण्यावर या गावात सगळ्यांचं एकमत आहे, कुठल्याही भाषेत.

"माती कसली? तांबडी का काळी?"

इथं मी म्हणाले, "विकतची."

दुकान गप्प झालं. तात्यांनी शेजारच्याला सांगितलं, शेजारच्यानं पलीकडच्या हुक्केरीवाल्यांना कानडीत सांगितलं, आणि "मण्णू?" "मण्णू!" (म्हणजे माती) करत ती बातमी पार दारापर्यंत गेली. "कशी किलो?" तात्यांनी विचारलं. वीस रुपये, म्हटलं. खत मिसळलेली असते, पॅकिंग असतं, असंही मी सांगत होते. ऐकतंय कोण!

मग तात्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या कंपनीच्या पोराला हाक मारली. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं, बहुतेक शेतकी कॉलेजातनं नुकताच सुटलेला. "सायेब, एका एकरात माती किती किलो बसती ओ?" त्याला कुणी तरी प्रश्न विचारल्याचा इतका आनंद झाला, की त्यानं लगेच सांगितलं: अर्धा फूट खोलीची धरली तर एकरी साधारण ९०० टन. म्हणजे नऊ लाख किलो. त्यानं तिथल्या तिथं वीसनं गुणलं आणि मोबाईल तात्यांपुढं धरला.

एक कोटी ऐंशी लाख.

तात्या बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिले. "आणि आमी मर्दा त्याच्यात बटाटे लावूलालोय!"

यावर जो हशा झाला त्यात मीही हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. आतनं मात्र मी चिडले होते. या सगळ्यांना वाटत होतं की बाईला वेळ जात नाही. मला वेळ चांगला जातो. मला सारासाठी आंबट टोमॅटो पाहिजे. हल्लीचा टोमॅटो लांबचा प्रवास सोसावा म्हणून जाड सालीचा आणि घट्ट गराचा काढलाय. आठवडाभर फ्रीजबाहेर ठेवला तरी ढिम्म. शिजवला तर चिंच घालावी लागते. टोमॅटोच्या सारात चिंच! माझ्या सासूबाईंनी हे बघितलं असतं तर ताट सरकवलं असतं. (सासूबाई ताट बऱ्याच गोष्टींवरून सरकवत, पण इथं त्यांची बाजू मला पटते.)

तर मी विचारलं, "गावठी बी आहे का?"

"गावठी आता कोण लावतंय, बाई," उत्तर तात्यांनीच दिलं. "चोर्ला घाटातनं गोव्याला जाईस्तोवर कॅरेटात रस होतोय त्याचा. चवीला बरा, खरं दलाल चव बगत न्हाई. रंग बगतोय आणि टणक हाय काय बगतोय." मग त्यांचा सूर बदलला. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला, तेव्हा टीव्हीवाल्यांनी शेतकरी लखपती झाल्याचं दाखवलं. तात्यांच्या रानात तेव्हा टोमॅटो नव्हता. त्यांचा माल निघाला तेव्हा तोडणीची मजुरीही सुटेना, म्हणून गुरं सोडली वावरात. "तुमी हौस म्हणून लावतासा. लावा की. आमी न्हाई म्हणत न्हाई."

आता यावर काय बोलायचं? काही बोलले तर मी शहरातली माजोरी बाई. गप्प बसले तर माझी हौस मान्य. पण मला मनापासून विचारायचंय, शेतकऱ्याला भाव मिळत नाही यात माझ्या चार कुंड्यांचा काय संबंध? मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून देतो. पानवाला एक विडी देतो. बी मात्र एकरानं. नाहीतर मग ऑनलाइन, वीस बिया नव्वद रुपयांना, वर लालभडक फोटो, आणि उगवलं नाही तर दाद मागायला माणूस नाही. मधलं काही नाहीच. गच्चीवर चार भाज्या लावा म्हणून जो तो सांगतो, भाषणात, मासिकात, डॉक्टरसुद्धा सांगतात. बी कुठनं आणायचं, ते कुणी सांगत नाही.

शेवटी तोडगा तात्यांनीच काढला. त्यांना तसंही हेच वाण घ्यायचं होतं. पाकीट त्यांनी घेतलं आणि म्हणाले, "चला भाईर, तुमाला धा बिया देतो."

बाहेर म्हणजे चहाच्या गाड्यावर. तात्या, तो हुक्केरीवाला, कंपनीचा पोरगा आणि मी. तात्यांनी पाकीट दातानं फाडलं. बी गुलाबी होतं, बुरशीनाशक लावलेलं. पाकिटावर विषाचा इशाराही छापलेला. तात्या ते बशीत ओतायला निघाले. मी आणि चहावाला एकदमच ओरडलो. मग बिलाच्या पाठीमागं बिया मोजल्या गेल्या. तात्यांना चष्मा नव्हता, मला होता, पण हात कापत होता. शेवटी पोरानं मोजल्या. दहा.

"किती द्यायचे?" मी पर्स उघडली. साडेपाचशेला तीन हजार, म्हणजे दहा बियांचे दोन रुपयेही होत नाहीत.

"पैसे कसले घेतासा ओ तुमच्याकडनं," तात्या म्हणाले. "च्या सांगा तेवढा."

चार चहा आणि, हुक्केरीवाल्याला भूक लागली होती म्हणून, एक प्लेट भजी. सत्तर रुपये. सात रुपयांना एक बी पडलं.

सल्ला फुकट होता आणि तो भरपूर मिळाला. बी पाव इंचाच्या खाली पुरायचं नाही. तरू, म्हणजे रोपं, मिरगाच्या आत वर यायला पाहिजे, कारण आपल्याकडं पाऊस एकदा बसला की उठत नाही, आणि कोवळं रोप सतत ओलं राहिलं की जमिनीलगत देठ सडून आडवं होतं. त्याला मर म्हणतात. म्हणून ट्रे छताखाली, पण ऊन आणि वारा लागेल असा. रोज पाणी नको, माती वरनं सुकल्यावरच. हे सगळं तात्यांनी एवढ्या आस्थेनं सांगितलं, की क्षणभर मला ते माती प्रकरण विसरावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी, रोपांना काही झालं तर विचारायला बरं पडेल म्हणून, माझा नंबर घेतला.

रोपांना काही झालेलं नाही. आठव्या दिवशी नऊ वर आली. आता पानं फुटतायत.

फोन मात्र एक दिवसाआड येतो. वेळ ठरलेली, दुपारी अडीच, मी जरा आडवी झाले की. मागं गाडीचा आवाज, चार माणसांची कुजबुज, आणि स्पीकर चालू असल्याचं मला इथंही ऐकू येतं.

"बाई, येळ्ळूरासनं बोलूलालोय. किती कॅरेट निघाले?"